झील धरणाऱ्या तिघी: आय थ्रीज नावाचं एक प्रकरण

पोवाडा ऐकलाय ना कधी समोर बसून? शाहीर पुढे, हातात डफ, मान ताठ, आणि त्याच्या मागे दोघं तिघं झीलकरी 'जी जी रं जी' म्हणत उभे. ते झीलकरी काढून टाका आणि मग बघा काय उरतं, शाहिराला श्वास घ्यायलाही जागा मिळत नाही, कडवं संपलं की नुसती पोकळी. पण पोस्टरवर नाव कुणाचं? शाहिराचं. अमुक तमुक आणि पार्टी. त्या 'पार्टी'त सगळे आले.

बॉब मार्ली, म्हणजे जमैकाच्या रेगे या संगीतप्रकारातला जगभर गाजलेला गायक, त्याची गाणी तुम्ही ऐकली असतीलच, निदान गोव्यातल्या शॅकमध्ये बसून तरी. आता पुढच्या वेळी ऐकताना बॉबला जरा बाजूला ठेवा आणि मागचे बायकांचे आवाज ऐका. त्या तिघी. मार्शा ग्रिफिथ्स, रीटा मार्ली, जूडी मोवॅट. ग्रुपचं नाव आय थ्रीज. जमैकातला बायकांचा सगळ्यात जास्त ऐकला गेलेला व्होकल ग्रुप कोणता असं विचारलं तर मी डोळे झाकून हेच नाव सांगेन, आणि तरीही दहातल्या नऊ जणांना हे नाव माहीत नसतं. मला या प्रकरणात रस आहे तो यासाठीच. तिघीही आधीपासून लीड सिंगर होत्या, कुणी नवशिकी नव्हती, मग साताठ वर्षं दुसऱ्याच्या मागे का उभ्या राहिल्या, त्यातून काय हाती लागलं, आणि तो माणूस गेल्यावर ग्रुप म्हणून त्यांचं फारसं काही का झालं नाही.

आधी कोण कुठून आली ते बघू, कारण त्याशिवाय 'बॅकिंग सिंगर' हा शब्द त्यांना किती तोकडा पडतो ते कळणार नाही.

मार्शाचा जन्म १९४९ चा, किंगस्टनचा. १९६४ मध्ये, म्हणजे पंधरावं सरायच्या आत, बायरन ली अँड द ड्रॅगनेअर्स या बड्या बँडबरोबर स्टेजवर. मग कॉक्सन डॉडच्या स्टुडिओ वनमध्ये. हा स्टुडिओ म्हणजे जमैकन गाण्याची शाळाच, सगळे तिथूनच निघाले. १९६८ च्या सुमारास तिचं 'फील लाइक जंपिंग' तिथेच झालं, आजही लावलं तर पाय हलतात. नंतर बॉब अँडी या गायक-गीतकाराबरोबर तिची जोडी जमली, बॉब अँड मार्शा या नावाने (हा बॉब वेगळा, गोंधळ करू नका). निर्माता हॅरी जे, गाणं नीना सिमोनचं 'यंग, गिफ्टेड अँड ब्लॅक', आणि १९७० मध्ये ते ब्रिटनच्या चार्टवर पाचव्या नंबरवर. पुढच्या वर्षी 'पाइड पायपर' अकराव्यावर. लक्षात घ्या, १९७० मध्ये वेलर्स हे बॉब मार्लीच्या ग्रुपचं नाव ब्रिटनमध्ये फारसं कुणाच्या कानावर नव्हतं आणि ही मुलगी टॉप फाइव्हमध्ये होती. पुढे जी त्याच्या मागे उभी राहिली ती त्याच्या आधी जग बघून आली होती.

रीटा क्यूबात जन्मली, सांतियागो दे क्यूबामध्ये, १९४६ साली, पण वाढली किंगस्टनच्या ट्रेंच टाउनमध्ये आत्याकडे. तिचा ग्रुप सोलेट्स, त्यात तिचा नात्यातला भाऊ ड्रीम वॉकर आणि मैत्रीण मार्लीन गिफर्ड. हे पण स्टुडिओ वनवालेच, आणि तिथे सोलेट्सना तालमी देण्याचं काम आलं बॉब मार्लीकडे. १० फेब्रुवारी १९६६ ला दोघांचं लग्न झालं आणि लगेच नवरा पैसे कमवायला अमेरिकेत आईकडे, डेलावेअरला. तो नसताना ही इथे वेलर्सच्या रेकॉर्डिंगला आवाज देत होती. एक मजा सांगतो, 'पाइड पायपर' हे गाणं रीटाने १९६६ मध्येच गायलं होतं, मार्शाच्या पाच वर्षं आधी. किंगस्टन हे तेवढंच लहान गाव, तीच गाणी, तेच स्टुडिओ, तीच माणसं फिरून फिरून.

जूडी तिघीत लहान. किंगस्टनच्या वरच्या डोंगरातल्या गॉर्डन टाउनची. आधी नाचाच्या ग्रुपमध्ये होती, मग १९६७ च्या आसपास गेलेट्स नावाचा तीन मुलींचा ग्रुप, त्यात ही लीड. बाकीच्या दोघी अमेरिकेला गेल्या आणि ही एकटी राहिली. 'सायलेंट रिव्हर रन्स डीप' ऐका, कळेल आवाज काय चीज आहे.

तर अशा तिघी. आता १९७४.

मार्शाचा न्यू किंगस्टनमध्ये हाउस ऑफ चेन नावाच्या क्लबमध्ये शो होता. तिला मागे आवाज हवे होते म्हणून तिने रीटाला आणि जूडीला बोलावलं. म्हणजे बघा, या ग्रुपची पहिली झील धरली गेली ती मार्शासाठी! शाहीर ती होती. शोमध्ये तिघी मिळून गायल्या, लोकांना आवडलं, त्यांनाही वाटलं की अरे हे जमतंय, आपण ग्रुप करू. नाव सुचलं 'वी थ्री'. पण तिघीही रास्ताफारी (थोडक्यात रास्ता) या जमैकातल्या धर्मपंथाकडे वळलेल्या, आणि रास्ताच्या बोलीत 'वी' म्हणत नाहीत, 'आय अँड आय' म्हणतात, मी आणि मी, कारण देव माझ्यातही तोच आणि तुझ्यातही तोच, मग 'आम्ही-तुम्ही' हा भेदच कशाला. (आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे मराठी माणसाला हे चटकन कळतं, इंग्रजीवाल्याला समजवावं लागतं.) म्हणून 'वी थ्री'चं झालं 'आय थ्री'.

त्याच सुमारास तिकडे वेलर्स फुटले होते. मूळचे वेलर्स म्हणजे तीन पोरं, बॉब, पीटर टॉश आणि बनी. बनीचा आवाज वर जायचा, पीटरचा खाली जड, मधे बॉब. जमैकात त्या काळी तिघांचे असे पुरुषांचे ग्रुप पैशाला पासरी होते, सगळी हार्मनी अमेरिकन सोलवाल्यांकडून उचललेली आणि मग आपल्या मातीत मुरवलेली. बनीला दौरे, थंडी, ते खाणंपिणं काही झेपेना, त्याने १९७३ मध्येच परदेश दौरे बंद केले, आणि मग पीटरही गेला. बॉबसमोर नवा अल्बम आणि हार्मनीची जागा रिकामी. दोन नवीन पुरुष आणले असते तर लोकांनी रोज तुलना केली असती, हा बनीसारखा नाही तो पीटरसारखा नाही. त्याने बायकोच्या ग्रुपला बोलावलं. माझ्या मते त्याच्या अख्ख्या करिअरमधला हा सगळ्यात शहाणा निर्णय, आणि याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं जातं.

कारण आवाजाचा अर्थच बदलला हो. तीन पुरुष एकत्र गात होते तेव्हा ते कोपऱ्यावरच्या पोरांचं टोळकं वाटायचं, भांडायला निघालेलं. एक पुरुष पुढे आणि मागे तीन बायका झाल्यावर ते चर्च झालं. पुढचा एक ओळ टाकतो, मागून अख्खी वस्ती उत्तर देते असं. जमैकात चर्च घराघरात मुरलेलं आहे, त्यामुळे तिथल्या माणसाला ते लगेच पटलं, आणि बाहेरच्या माणसाला, ज्याला ती बोली कळत नाही, त्याला धरायला काहीतरी मिळालं, कारण बॉब काय म्हणतोय ते कळलं नाही तरी त्या तिघी जे परत परत म्हणतायत ते कुणालाही म्हणता येतं. ऑक्टोबर १९७४ मध्ये 'नॅटी ड्रेड' आला. पुढच्या वर्षी लंडनच्या लायसियम थिएटरमधलं लाइव्ह रेकॉर्डिंग, त्यातलं 'नो वुमन नो क्राय' ऐका, ऑर्गन सुरू होतो आणि बॉबचं कडवं यायच्या आधीच धृपद ऐकू येतं, मागचे आवाज आणि पब्लिक एकात एक मिसळलेले.

पण कव्हरवर काय? 'नॅटी ड्रेड'पासून नाव झालं 'बॉब मार्ली अँड द वेलर्स'. वेलर्स हे ज्यांचं नाव होतं ते दोघं तर गेले होते, आता ते नाव वाजवणाऱ्या बँडला लागलं, आणि तिघींचं नाव आत, श्रेयांच्या यादीत. मोठ्या अक्षरात कधीच आलं नाही. १९७४ ते १९८० इतकी वर्षं, 'रास्तामॅन व्हायब्रेशन', 'एक्सोडस', 'काया', 'सर्व्हायव्हल', 'अपरायझिंग', एकामागून एक अल्बम, जगभर दौरे, आणि पोस्टरवर एकच चेहरा.

याला अन्याय म्हणायचं का? इथे मी जरा थांबतो, कारण हे वाटतं तितकं सोपं नाही. त्या काळी जमैकात गायकाला गाण्यामागे काहीतरी ठरावीक रक्कम हातावर टेकवायचे आणि हक्क निर्मात्याकडे, मग गाणं लंडनमध्ये पाचव्या नंबरवर जावो नाहीतर पन्नासाव्या. बाईची तर आणखीच पंचाईत, स्टुडिओ पुरुषांचे, रस्त्यावर गाणी वाजवणाऱ्या साउंड सिस्टिम पुरुषांच्या, मॅनेजर पुरुष. एकट्या बाईने लंडन, न्यूयॉर्क, पॅरिसला दौरा काढायचा म्हणजे कोण काढून देणार? बॉबच्या मागे उभं राहिल्यावर हे सगळं आपोआप मिळत होतं, मोठा बँड, चांगला साउंड, दरवर्षी नवे देश. मला वाटतं मार्शासारख्या बाईने हिशोब डोळे उघडे ठेवून केला होता. त्यात श्रद्धेचा भाग पण खरा, तिघींना ते काम देवाचं वाटत होतं, त्यांनी नंतरही कायम तसंच सांगितलंय, ते खोटं म्हणायचं मला काही कारण दिसत नाही.

रास्ता पंथात बायकांना नियम कडक असतात, डोकं झाकलेलं, अंगभर कपडे, घरात पुरुषाचा शब्द शेवटचा. तिघी स्टेजवर तशाच यायच्या, डोक्याला फडकं बांधलेलं, आफ्रिकन छापाची लुगड्यासारखी गुंडाळलेली वस्त्रं, आणि ठेक्यावर तिघींच्या एकसारख्या स्टेप्स. त्या काळच्या बाकीच्या पॉप शोमधल्या बॅकिंगवाल्या मुलींकडे बघा, चमचम झगे, आणि मग या. यांच्याकडे बघून कुणी शिट्टी मारत नसेल. नियम बंधनाचा होता आणि दिसायला मात्र तो राणीसारखा दिसला, असं काहीतरी विचित्र झालं.

आणि जिवावरचं काम होतं हे. ३ डिसेंबर १९७६ ला किंगस्टनमध्ये ५६ होप रोडवर, बॉबच्या घरी, बंदूकधारी घुसले. निवडणुकीचे दिवस, दोन्ही पक्षांच्या टोळ्या रस्त्यावर. बॉबला छातीला चाटून दंडात गोळी लागली, मॅनेजर गंभीर जखमी, आणि रीटाच्या डोक्यात गोळी, कवटीच्या वर, कातडीखाली अडकली म्हणून वाचली. दोन दिवसांनी, ५ डिसेंबरला, स्माइल जमैका कॉन्सर्ट होती. रीटा डोक्याला बँडेज बांधून तिथे गायली. बॉबने त्या रात्री शर्ट वर करून जखम दाखवली ती गोष्ट सगळे सांगतात. रीटाचं बँडेज कितीजण सांगतात?

झिंबाब्वेची गोष्ट मात्र उलट्या बाजूने ऐकायला मिळते. एप्रिल १९८०, देश स्वतंत्र होतोय, सॉल्सबरीच्या (आताचं हरारे) रुफारो स्टेडियमवर कार्यक्रम. बाहेर राहिलेली गर्दी आत घुसायला लागली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तो स्टेजपर्यंत आला, सगळे पळाले, तिघी पण पळाल्या, एकटा बॉब आपल्याच तंद्रीत गात राहिला. परत आल्यावर तो हसून म्हणाला म्हणे की आता कळलं खरे क्रांतिकारक कोण ते. किस्सा मजेशीरच आहे, पण तीनेक वर्षांपूर्वी डोक्यात गोळी खाऊन गायलेली बाई त्या पळणाऱ्यांत होती हे आठवलं की हसू जरा अडकतं.

आता या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. या वर्षांत तिघींनी आपापली दुकानं बंद केली नव्हती! मार्शाने १९७८ मध्ये 'नॅचरली' आणि १९७९ मध्ये 'स्टेपिन' हे अल्बम काढले, निर्माती सोनिया पॉटिंजर, जमैकन संगीतातली त्या पिढीतली जवळजवळ एकमेव मोठी बाई निर्माती. बॉबच्या दौऱ्यांच्या मधल्या सुट्टीत हे चाललं होतं. आणि जूडीने तर कमालच केली. 'ब्लॅक वुमन' नावाचा अल्बम, बॉबच्याच टफ गाँग स्टुडिओत रेकॉर्ड केलेला, पण निर्मिती स्वतःची, लेबल स्वतःचं, अ‍ॅशँडन. बाईने स्वतः निर्माण केलेला पहिला रेगे अल्बम म्हणून त्याचं नाव घेतात. १९७९-८० चा. त्यात 'स्लेव्ह क्वीन' आहे, 'ब्लॅक वुमन' आहे, सरळ बाईशी बोलणारी गाणी, गुलामीपासून आजवर तुझ्यावर काय काय लादलं ते बघ म्हणून. त्यातच 'जोसेफ' नावाचं गाणं आहे ते बॉबवर, कारण ट्वेल्व्ह ट्राइब्ज या रास्ता पंथात फेब्रुवारीत जन्मलेला तो जोसेफच्या कुळातला. म्हणजे एकाच रेकॉर्डवर ती त्या माणसाला मानही देते आणि ज्या जगात तो राजा आहे त्या जगातल्या बाईचं गाऱ्हाणंही मांडते. मला हा अल्बम बॉबच्या दोनेक अल्बमपेक्षा जास्त आवडतो, भांडायचं असेल तर या.

याचा परिणाम स्टेजवरही दिसला. १९८० च्या युरोप दौऱ्यात शोची सुरुवात आय थ्रीजच करायच्या. जूडीचं 'स्लेव्ह क्वीन', मार्शाचं 'स्टेपिन आउट ऑफ बॅबिलॉन', रीटाचंही एक, प्रत्येकीला लीड, बाकीच्या दोघी तिची झील. मग बॉब यायचा आणि तिघी एक पाऊल मागे. जर्मनीतल्या डॉर्टमुंडचं त्या जूनमधलं रेकॉर्डिंग आहे, त्यात हे सगळं बघायला मिळतं. त्याच महिन्यात मिलानच्या सान सिरो स्टेडियममध्ये लाखभर माणूस होतं. म्हणजे बॉबला ऐकायला आलेल्या त्या दौऱ्यातल्या लोकांनी आधी या तिघींची स्वतःची गाणी ऐकली. हे असंच अजून चारपाच वर्षं चाललं असतं तर कदाचित पोस्टरवर दुसरं नाव आलं असतं.

चाललं नाही. २१ सप्टेंबर १९८० ला बॉब न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात धावता धावता कोसळला, कॅन्सर मेंदूपर्यंत गेला होता. २३ ला पिट्सबर्गला शेवटचा शो. ११ मे १९८१ ला मायामीत गेला, वय ३६. किंगस्टनच्या अंत्यविधीत तिघी गायल्या.

मग काय करायचं? तीन रस्ते होते. एक, आय थ्रीज हा स्वतंत्र ग्रुप म्हणून उभा करायचा. दोन, बॉबची गाणी गात फिरायचं. तीन, जिचं तिने बघायचं. पहिला रस्ता त्यांनी करून बघितला, १९८६ मध्ये 'बिगिनिंग' नावाचा अल्बम मोठ्या परदेशी लेबलवर आला, नावच बघा, 'सुरुवात', एकत्र बारा वर्षं झाल्यावर. चालला नाही. मला त्याचं कारण असं वाटतं की हा ग्रुप बांधलाच होता एका रिकाम्या जागेभोवती. ग्रुपमध्ये एक लीड लागते आणि इथे तिघी लीड, तिघींचे स्वभाव वेगळे, आवाज वेगळे, मधे बॉब होता तोवर प्रश्न आला नाही. शिवाय काळही बदलला होता, जमैकात डान्सहॉल आलं, कॉम्प्युटरवरचे रिदम, त्यात तीन बायकांची चर्चसारखी हार्मनी कुणाला हवी होती? दुसरा रस्ता अधूनमधून, स्मरणाच्या कार्यक्रमांना, तो नंतरही बरीच वर्षं चालू राहिला. पण खरा चालला तो तिसराच.

रीटाचं 'वन ड्रॉ' १९८१ मध्ये गाजलं, पण तिचं बरंचसं आयुष्य पुढे गाण्यापेक्षा कारभारात गेलं. बॉब मृत्युपत्र न करता गेला, अकरा-बारा मुलं, वेगवेगळ्या आया, वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या. होप रोडच्या त्याच घराचं म्युझियम झालं. मुलांचा मेलडी मेकर्स हा ग्रुप उभा राहिला. नंतर ती घानात जाऊन राहिली. जूडीचा 'वर्किंग वंडर्स' हा १९८५ चा अल्बम ग्रॅमीच्या रेगे विभागात नॉमिनेट झाला, तिथवर पोहोचलेली ती पहिली बाई, जिंकला जिमी क्लिफ. नव्वदच्या दशकात तिने रास्ता सोडून ख्रिस्ती धर्म धरला आणि गॉस्पेल गायला लागली. ज्या चर्चच्या आवाजाने ग्रुप ओळखला गेला तिथेच परत.

आणि मार्शा. तिची गोष्ट ऐकून मला दरवेळी हसू येतं. 'इलेक्ट्रिक बूगी' नावाचं एक नाचाचं गाणं, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जमैकात हिट झालं, मग १९८९ मध्ये नवं मिक्स अमेरिकेत आलं आणि बिलबोर्डच्या हॉट १०० मध्ये ५१ व्या नंबरपर्यंत गेलं. नंबर काय फार मोठा नाही, पण त्यावरचा इलेक्ट्रिक स्लाइड हा नाच अमेरिकेत लग्नात, बारशात, ऑफिसच्या पार्टीत घुसला तो अजून निघालेला नाही, आपल्याकडे वरातीत जसं ठरलेलं गाणं वाजतंच तसं. अमेरिकेत तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं हे, ज्यात ना बॉब ना रास्ता ना क्रांती. आणि लिहिलं कुणी? बनी वेलरने! जो दौरे सोडून गेला म्हणून हार्मनीची जागा रिकामी झाली आणि या तिघी आत आल्या, तोच बनी.

'थ्री लिटल बर्ड्स' कुणावर आहे याचा वाद पण सांगून टाकतो. तिघींचं म्हणणं ते गाणं आमच्यावर, तीन पाखरं म्हणजे आम्ही, आणि बॉबच्या जवळचा दुसरा माणूस सांगतो की नाही बुवा, होप रोडला खिडकीत खरोखरची पाखरं यायची. लिहिणारा गेला, आता ठरवणार कोण. मला तिघींचं खरं वाटतं, पण माझं सोडा.

१९८४ मध्ये 'लेजंड' हा निवडक गाण्यांचा अल्बम आला, एकट्या अमेरिकेत त्याच्या दीड कोटीहून जास्त प्रतींची नोंद आहे, आणि त्यातल्या बहुतेक गाण्यांत या तिघी आहेत. त्यातलं 'कुड यू बी लव्ह्ड' कधी नीट ऐका. मधे एके ठिकाणी बॉब गप्प होतो आणि तिघी वेगळ्याच ओळी गायला लागतात, आधीच्या चालीशी संबंध नसल्यासारख्या. त्या ओळी 'जज नॉट'मधल्या आहेत, १९६२ सालच्या, बॉबच्या आयुष्यातल्या पहिल्यावहिल्या रेकॉर्डमधल्या, जे तेव्हा कुणी विकत घेतलं नव्हतं. तिथे तो स्वतः गात नाही, तिघींना गाऊ देतो.